फटफटीवाल्या सिस्टर

सिस्टर शेवटच्या घरातून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या सायकलच्या सीटवर एक कागद चिकटवलेला होता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण ही गाडी कृपया गल्लीत आणू नका. आवाज सहन होत नाही." खाली नऊ घरांच्या सह्या होत्या. त्यातल्या दोन घरांत त्या स्वतः रोज जात होत्या.

"माणूस अंथरुणाला खिळला की मी हवी, माझी गाडी तेवढी नको," असं म्हणत त्यांनी कागद चुरगळून पिशवीत कोंबला.

गाडी म्हणजे साधी सायकलच. मधल्या दांड्याखाली पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन बसवलेलं. घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, रक्तदाब मोजायचा, हे त्यांचं काम. रोज अकरा घरं, त्यातली निम्मी चढावर. पन्नाशीच्या अलीकडेच गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी सायकलला इंजिन लावून घेतलं. पुढे चढावर तेही धापा टाकायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, "सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकतो, बघा कसा जोर येतो." नळी निघाली, जोर आला आणि आवाजही आला. लोक त्यांना फटफटीवाल्या सिस्टर म्हणू लागले. त्यांना त्यात गंमतच वाटायची. म्हणायच्या, "बरंय की, दारावरची बेल वाजवायला नको."

पण दुसऱ्या दिवशी कार्यालयात मुख्य सिस्टरांनी त्यांना समोर बसवलं.

"तिसरी तक्रार आहे ही. सोमवारपर्यंत आवाज बंद झाला नाही, तर गाडी वापरता येणार नाही."

"मग अकरा घरं कशी करू? पायी?"

"तो भाग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

दुसरं कुणी नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून सिस्टरांच्या जिवाची नुसती घालमेल. मेकॅनिककडे गेल्या, तर तो जुनी नळी भंगारात घालून मोकळा झालेला. "आवाज आहे म्हणून तर गाडी आहे," असं म्हणून तो हसला. सिस्टरांनी घरी भांडी घासायची तारेची घासणी सायलेन्सरमध्ये कोंबली. आवाज कमी झाला खरा, पण भर दुपारी चढावर इंजिन तापून बंद पडलं. अर्धा चढ त्यांनी गाडी ढकलली. मग रस्त्याकडेला बसून पक्कडीनं घासणीचे तुकडे उपसले आणि पुन्हा तोच फटफटाट करत टर्नरकाकांच्या दारात पोचल्या.

टर्नरकाकांचा सगळा जन्म कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथवर टर्नर म्हणून गेला. कान इतके गेलेले की त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. गल्लीच्या कागदावर त्यांची सही नव्हती, कारण त्यांना तो आवाज ऐकूच येत नसे. त्यांची बायको महिन्यापूर्वी पडली तेव्हापासून अंथरुणावर होती, भिंत धरून मोरीपर्यंत जाई तेवढंच, आणि तिचा रक्तदाब रोज मोजायचा होता.

काकूंनी कपाळाला हात लावला होता. "डोकं फार ठणकतंय हो सिस्टर."

"उन्हाचं असेल, काकू." सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप कानाला लावला. कानात नेहमीचं ते बारीक शूं चालू होतं. मग कुठेतरी दूरवर ठोका लागला. त्यांनी वहीत लिहिलं, एकशे चव्वेचाळीस. औषध आहे तेच. अजून तीन घरं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मोरीच्या दाराशी पडलेल्या सापडल्या. तोंड वाकडं झालेलं, डावा हात निर्जीव. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब होता दोनशे दहा.

डॉक्टर सिस्टरांची वही उलटत होते. आठवडाभराचे आकडे ओळीनं शहाण्यासारखे बसले होते, एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे चव्वेचाळीस. त्यांनी वही मिटली, बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"माझा मोजा."

सिस्टरांनी मोजला. "एकशे दोन."

"मी आत्ताच मोजलाय. एकशे चौतीस." डॉक्टरांचा आवाज शांत होता, आणि तेच जास्त लागलं. "सुरुवातीचे ठोके तुम्हाला ऐकूच येत नाहीयेत. कानात काही वाजतं का?"

"थोडंसं. गाडीवरून उतरले की. सवय झालीय आता."

"किती दिवस?"

सिस्टरांनी मनातल्या मनात हिशेब लावला. नळी काढल्यापासून.

बाहेर बाकावर टर्नरकाका बसले होते. त्यांना सांगायलाच हवं होतं. पण ती गोष्ट हळू सांगता येत नव्हती. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे." काकांनी हात कानामागे धरला. "काय?" सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना ओरडावं लागलं. "मी आकडे चुकीचे लिहिले! मला नीट ऐकू येत नाही!" व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. औषधांचा ट्रे नेणारी परिचारिका जागीच थांबली.

काकांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "आज माझ्याशी बोलू नका."

सिस्टर रजा टाकून घरी आल्या. जेवणात लक्ष नाही, कशातच लक्ष नाही. ज्यांनी कागद चिकटवला त्यांच्यावर आपण चिडलो होतो, आणि इकडे काकू रोज डोकं दुखतंय म्हणून सांगत होत्या. आपण उन्हाला दोष देत राहिलो. त्यांनी एका कागदावर राजीनामा लिहिला. चार ओळींचा. कारण म्हणून लिहिलं, 'प्रकृती'.

तिसऱ्या दिवशी काकांचा निरोप आला, घरी या. सिस्टर गाडी हातानं ढकलत गेल्या. शिव्या खायची तयारी होती. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ती शुद्धीवर आहे. हात परत येईल की नाही, सांगता येत नाही म्हणतात."

सिस्टरांनी राजीनामा पुढे केला. काकांनी चष्मा लावून तो वाचला.

"प्रकृती? कुणाची?"

काकांनी कागद त्यांच्या हातात परत दिला.

"हे काय आहे सांगू? पळ काढणं आहे हे. माझ्या बायकोचे आकडे चुकले, ते कळलं तरी. बाकी दहा घरांचं काय? त्यांच्या वहीतले आकडे खरे आहेत का?"

सिस्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. गेले तीन दिवस त्यांनी स्वतःचं दुःख उगाळलं होतं. दहा घरांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता!

"काका, नोकरी जाईल माझी," सिस्टर त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या.

"जाईल कदाचित. तरी सांगावं लागेल." काकांनी चष्मा काढला. "आमच्या खात्यात नवीन माणूस आला की पहिले आठ दिवस कानात बोळे घालायचा. आम्ही त्याला हसायचो. म्हणायचो, होईल सवय. पोरी, आवाजाची सवय होत नसते. कान मरत असतात, आणि मेलेल्या कानाला त्रास होत नाही, एवढंच. माझ्या नातीचं बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही. तुझ्या गाडीनं गल्लीतली माणसं कावली, ती सगळी शाबूत कानांची म्हणून. ज्या दोघांना त्रास झाला नाही, ते दोघं इथं बसलोय बघ. तू आणि मी."

सिस्टर त्याच दुपारी कार्यालयात गेल्या. आधीचा कागद फाडून त्यांनी दुसरा लिहिला. काय घडलं, केव्हापासून, का, सगळं. मुख्य सिस्टरांनी तो दोनदा वाचला. संध्याकाळपर्यंत दहाही घरांत मशीन घेऊन माणूस पाठवला गेला. दोन रुग्णांचा रक्तदाब वहीपेक्षा बराच जास्त निघाला. त्यांची औषधं त्याच दिवशी बदलली. सिस्टरांना एक महिना कामावरून दूर ठेवलं, आणि त्यांच्या नावावर लेखी ठपका कायमचा बसला.

त्या महिन्यात गाडी काकांच्या अंगणात उभी होती. काकांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि तळहात दांड्यावर ठेवला. मग इंजिनावर, मडगार्डवर, चेनच्या झाकणावर. डॉक्टरानं पोटावरून हात फिरवावा तसा.

"मला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं," ते म्हणाले. "सगळा दोष सायलेन्सरचा नाही. इंजिन दांड्यावर उघडं आवळलंय, सबंध सायकल घंटेसारखी वाजतेय. इथे रबर हवं. हा सांधा फुटलाय, त्यातून धूर आणि आवाज दोन्ही सुटतात. चेन ढिली आहे. आणि नळी मी करून देतो."

त्यांनी ओळखीच्या कारखान्यात जाऊन नवी भोकांची नळी स्वतः बनवली. सिस्टरांनी जुन्या ट्यूबचे तुकडे कापून इंजिनाच्या पट्ट्यांखाली बसवले, सांध्यातून धूर सुटू नये म्हणून नवी गॅस्केट घातली, नट पुन्हा पुन्हा आवळले. हात काळे झाले, एक नख गेलं. गाडी सुरू झाली, तेव्हा शेजारच्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईंनी पडदा ओढला नाही. गाडी मुकी झाली नव्हती, पण अंगणात उभं राहून माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत होतं.

कामावर परतल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "चढावर ओढते का आता?"

"नाही ओढत. मी उतरते आणि ढकलते."

"मग उपयोग काय झाला?"

"वरच्या घरी पोचते तेव्हा काय बोलतात ते ऐकू येतं," सिस्टर म्हणाल्या. "जेवढं येतं तेवढं."

कारण सगळं परत आलं नाही. कानाच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते गेलं, उरलंय ते जपा. रक्तदाब आता त्या आकडे दाखवणाऱ्या मशीननं मोजतात. काकू काठी धरून चालतात, पण डाव्या हातानं त्यांना अजून साधी वाटी उचलता येत नाही. सिस्टर रोज त्या हाताला अर्धा तास व्यायाम देतात. काकूंनी त्यांना कधी दोष दिला नाही, आणि सिस्टरांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या गाडीतून अशी एखादी नळी काढलेली असते. थोडा जोर हवा असतो, थोडी ऐट हवी असते. कुणी तक्रार केली की आपण म्हणतो, लोकांना काही सहन होत नाही. पण तक्रार करणारा शेजारी आपला वैरी नसतो. आपल्याला जे ऐकू येईनासं झालंय, ते त्याला अजून ऐकू येत असतं. तो बोलतो आहे, तोवर त्याचं ऐका.