पहिली अंघोळ

डोंबिवलीच्या परबांकडे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचा एक खेळ होता. त्या पहाटे जो सगळ्यात शेवटी न्हाणार तो नरकात. हे घरोघरी म्हणतात, हसतात आणि विसरतात. परबांकडे मात्र ते दर वर्षी साजरं व्हायचं. सगळे न्हाऊन, नवे कपडे घालून पोह्यांच्या बशा घेऊन बसले की म्हाताऱ्या कलावतीबाई विचारायच्या, "यंदा नरकात कोण गो?" आणि सगळे टाळ्या पिटत ओरडायचे, "शालन!"

शालन घरातली थोरली सून. पहाटे उठून गिझर लावायचा तिने, उटणं कालवायचं तिने, सासूच्या डोक्यावर तेल थापायचं तिने. धाकटा दीर जगन आणि त्याची बायको प्रीती आदल्या संध्याकाळीच कोलशेतहून येऊन उतरायचे, त्यांच्या बादल्याही तिनेच भरायच्या. एवढं होईस्तोवर गरम पाणी संपलेलं असायचं आणि पोह्यांना फोडणी द्यायची वेळ झालेली असायची. मग दोन तांबे गार पाणी अंगावर ओतून ती घाईघाईने बाहेर यायची, ती टाळ्या ऐकायलाच. नवी नवरी होती तेव्हा तीही हसली होती. पुढे नुसते ओठ ताणायची.

गेल्या वर्षी ऋतुराजने, तिच्या पोटच्या पोराने, ते मोबाइलवर शूट केलं. ओले केस कसेबसे गुंडाळून, पदराला हात पुसत उभी असलेली ती, आणि खाली लिहिलेलं, 'नरकाची परमनंट मेंबर'. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हसून लोळणारे चेहरे पाठवले. भाऊबीजेला ती माहेरी विठ्ठलवाडीला गेली, तर तो व्हिडिओ तिथेही पोचलेला. भावजयीने दारातच विचारलं, "काय हो ताई, नरकातून सुट्टी मिळाली वाटतं?" ते जे शालनच्या मनात रुतून बसलं, ते वर्षभर निघालं नाही.

यंदाही सगळे तेल लावून हॉलमध्ये बसले होते. कलावतीबाई खुर्चीत, जगन बनियनवर, प्रीती केस मोकळे सोडून. शालनचा नवरा कुंडलिक गॅलरीत कंदिलाची वायर नीट करत होता.

"वहिनी, पाणी झालं का?" जगनने जांभई देत विचारलं.

"झालं," शालन म्हणाली. तिने कपाटातून नवा टॉवेल काढला, उटण्याची वाटी उचलली, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग आत तांब्याचा आवाज सुरू झाला.

"ताई, तुम्ही अंघोळ करताय?" प्रीतीने दाराशी येऊन विचारलं.

"हो."

"अहो, पण आई बसल्यात ना तेल लावून!"

आत शालन पाटावर बसून दंडाला उटणं चोळत होती. पाठीला हात पोचत नव्हता. इतक्या दिवाळ्यांत या घरातल्या किती पाठींना तिने उटणं लावलं होतं. तिच्या पाठीला लावायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं. तिने पुन्हा नळ सोडला.

दारावर थापा पडायला लागल्या. "शालन, वेड लागलंय का तुला?" हा कुंडलिक. "आई खोळंबलीय."

"खोळंबू दे."

"मम्मी, काय सीन करतेयस यार!" हा ऋतुराज.

तिने केसांना शिकेकाई लावली. कसलीही घाई केली नाही. गिझरचं पाणी कोमट झालं, मग गार झालं, तेव्हाच ती उठली. खिडकीच्या काचा पांढऱ्या पडल्या होत्या. खाली सोसायटीत पोरांचे फटाके वाजत होते.

ती बाहेर आली तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते.

"उजाडलं गो, उजाडलं!" कलावतीबाई कडाडल्या. "माझ्या पोरांना तेल फासून बसवलंस! कुठल्या घरात थोरली सून असं करते?"

शालन गॅलरीत गेली. तुळशीपाशी नरकासुराच्या नावाचं कडू कारीट ठेवलं होतं. परबांकडे ते चिरडायचा मान पुरुषांचा. तिने डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते धरलं आणि दाबलं. कडू बिया लादीवर उडाल्या. "गोविंदा," ती म्हणाली. मागून कुणी 'गोविंदा' म्हटलं नाही.

"हे जरा अति होतंय, वहिनी," जगन म्हणाला.

"पोहे भिजवलेत, फोडणी तुम्ही घाला. पाणी तापवून एकेक जण जा."

प्रीती चटकन उठली. "मग शेवटी कोण जाणार? मी? मला नाही चालणार हं. मी इथे पाहुणी म्हणून येते."

"मला कुठे चालत होतं?" शालन म्हणाली. "दर वर्षी टाळ्या तर तूच जोरात वाजवायचीस."

प्रीतीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पुन्हा कधी हाक मारणार नाही. मग ती, जगन आणि ऋतुराज आपापली बादली तापवून न्हायले. कुंडलिक गार पाण्यानेच न्हायला, दात-ओठ खात. राहिल्या फक्त कलावतीबाई.

"मी नाही न्हाणार या घरात," त्या म्हणाल्या. "तेल असंच राहू दे डोक्यावर. लोक विचारतील तर सांगेन."

प्रीतीने कसेबसे केलेले पोहे कुणी धड खाल्ले नाहीत. आता शालन काय बोलते याकडे जो तो कान देऊन होता. तिलाही ठाऊक होतं, इथे गप्प बसलं तर सगळं निभावेल. ती सासूसमोर उभी राहिली.

"आई, यंदा नरकात कोण?"

कुणी टाळी वाजवली नाही. म्हातारीचा चेहरा काळाठिक्कर पडला. कुंडलिकने हातातली बशी भिंतीवर भिरकावली.

जगन आईला आणि प्रीतीला घेऊन दुपारच्या आत कोलशेतला निघून गेला. जाताना कलावतीबाईंनी उंबऱ्यावर बोटं मोडली. ऋतुराज खोलीचं दार लावून बसला. कुंडलिक जो अबोल झाला तो दिवाळी संपली तरी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर खालून वडापाव आणायचा. शालनला वाटलं होतं, आपल्याला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने भिंतीवरचे पोहे पुसले, बशीचे तुकडे वेचले. पण सकाळी केलं ते पुसून टाकावं, असंही तिला एकदाही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. "छान केलंत, ताई. टाकलंत माझ्या गळ्यात! आई दुपारपासून तेलाचं डोकं घेऊन सोफ्यावर बसल्यात. उशा खराब झाल्या. अंघोळ करा म्हटलं तर म्हणतात, तू पाणी काढ, तू उटणं लाव, तू पाठ चोळ. मी काय करू?"

"पाणी तापव," शालन म्हणाली आणि फोन ठेवला.