थोरल्या सुनेचे पथ्य

मालिनीबाईंनी केकचे खोके खिडकीशी नेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खोक्याच्या सगळ्या बाजू उजेडात फिरवून पाहिल्या. हिरवा ठिपका सापडला तेव्हाच त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवले.

"एगलेसच आणलाय, काकू," मयुरेश म्हणाला. "सरांकडे यायचं म्हणजे तेवढं कळतं."

"आमचं सोड रे. आमच्याकडे अंडं शिवतही नाहीत. पण स्वरदाला ॲलर्जी आहे ना. घसा सुजतो तिचा. म्हणून तर सासरी जाता येत नाही बिचारीला."

कुटुंबाचे अधिकृत निवेदन असे होते: स्वरदाला अंड्याची ॲलर्जी आहे, पिवळ्या तापाची लस अंड्यात वाढवतात, ती लस टोचून घेतल्याशिवाय केनियाहून परतणाऱ्याला विमानतळावर अडवतात, सबब स्वरदा सासरी जाऊ शकत नाही, आणि याचा सर्वांना अतिशय खेद आहे. निवेदनाची बांधणी निर्दोष होती. मधली दोन विधाने तर खरीही होती. दोष होता तो पायात. ज्या घरात चार पिढ्या अंडे आले नाही, त्या घरात अंड्याने कोणाचा घसा सुजतो हे कळण्यास मार्ग नाही. जिथे तो मार्ग होता तिथे, म्हणजे पुण्यातल्या वसतिगृहाबाहेरच्या गाडीवर, स्वरदा एम.ए.ची दोन वर्षे बन-ऑम्लेटवर काढून आली होती आणि तिचा घसा वक्तृत्वाची पारितोषिके मिळवण्याइतका शाबूत राहिला होता. नाशिकला परतल्यावर तिने अंडे सोडले ते आईवडिलांच्या घराचा मान राखण्यासाठी. ॲलर्जी झाली ती लग्नानंतर, सासूने पहिले आमंत्रण पाठवले त्या आठवड्यात.

लशीचा तपशील तिचे वडील, दिवाकरराव, यांनी पुरवला होता. ते समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. समतेवर त्यांचे तीन ग्रंथ आहेत, आणि आधार दिल्याशिवाय विधान करायचे नाही ही त्यांची जन्माची सवय. खोट्या विधानालाही त्यांनी खरी तळटीप जोडून दिली.

मयुरेश हा त्यांचा जुना विद्यार्थी. एका व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन तो आला होता. विषय ठरला होता, 'सीमा ओलांडणारे कुटुंब'.

"सर, ताईंच्या सासरचा एखादा अनुभव मधे घातलात ना, तर लोकांना फार भिडेल," तो म्हणाला.

स्वरदा केक कापत होती. सुरी केकमध्ये अर्ध्यावर थांबली आणि मग सावकाश खाली गेली.

"व्यक्तिगत अनुभव हा पुरावा नव्हे, मयुरेश," दिवाकरराव म्हणाले. "आपण सिद्धान्ताच्या पातळीवर राहू."

मयुरेशने मान डोलावली. गुरूंच्या संयमाबद्दल त्याचा आदर वाढला असावा. स्वरदाबद्दलचा तर आधीच होता. शहरातल्या दोन संस्थांनी या विवाहाबद्दल तिचा सत्कार केला होता आणि एका सत्काराच्या वेळी सूत्रसंचालन त्यानेच केले होते. तारीख नक्की करून, केकचा तुकडा उभ्यानेच संपवून तो गेला.

तो जिना उतरत असतानाच स्वरदाचा नवरा ओतिएनो वर आला. खाली दोघांनी एकमेकांना मोठ्याने रामराम केल्याचे ऐकू आले.

ओतिएनो पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये शीतगृहाचा अभियंता होता. स्वरदा तिथल्या बायकांचे सर्वेक्षण करायला गेली असताना त्यांची ओळख झाली. हंगामात त्याला रविवारीही सुट्टी नसे. त्याने दारात बूट काढले, जाड जॅकेट खुंटीला लावले आणि थेट टेबलाशी येऊन बसला.

"आई, लय भूक लागली हाय."

"खूप भूक लागली आहे," मालिनीबाईंनी दुरुस्ती केली.

"तुम्हाला पण? मग बसा की. उभ्या कशाला?"

मालिनीबाई हसू दाबत आमटी गरम करायला वळल्या. लग्नाची बातमी कळली तेव्हा याच बाईंनी दोन दिवस देवघराचे दार आतून लावून घेतले होते. अजूनही त्या जावयाला 'तुम्ही' म्हणत. दिवाकरराव पहिल्या भेटीपासून 'तू' म्हणत आले होते, कारण 'तुम्ही'त अंतर असते. जावयाच्या मराठीचा मात्र त्यांना त्रास होई, आणि ते दुःख कोणाजवळ सांगण्यासारखे नव्हते. कारण ही मराठी त्याने केनियाहून आणलेली नव्हती. देवळ्याच्या आणि नांदगावच्या मजूर बायकांनी ती त्याला शिकवली होती.

"ओकोथचा फोन आलता," भाताचा पहिला घास घेऊन ओतिएनो म्हणाला. ओकोथ हा त्याचा धाकटा भाऊ. "पोरीकडचे लोक आता थांबायला तयार नाय."

"मग थांबायचं कशाला? उरकून टाका म्हणावं," मालिनीबाई म्हणाल्या.

"लग्न होईल हो. पण राहतील कुठं?" त्याने कोशिंबिरीचा वाडगा पुढे ओढला, त्याच्यामागे एक वाटी ठेवली, तिच्यामागे आणखी एक. "हे बघा. हा थोरला, म्हणजे मी. आमच्यात बापाच्या आवारात आधी थोरल्यानं घर बांधायचं. मग याच्या मागच्यानं, मग त्याच्या मागच्यानं. नंबर मोडला तर घराला लागतं, असं मानतात. आणि थोरल्याला बायकोबिगर घर बांधता येत नाय. पहिली रात्र तिनं तिथं काढावी लागते."

"म्हणजे ते दोघं तुमच्यासाठी अडून बसलेत?"

"माझ्यासाठी नाय. हिच्यासाठी."

तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही. शीतगृहातला बिघाड समजावून सांगावा तसा बोलला. स्वरदाने केकच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"अशा रूढी मोडायलाच हव्यात," दिवाकरराव म्हणाले. "कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं. ओकोथनेच का टाकू नये?"

रूढी मोडण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या घरातल्या धाकट्यावर टाकणे ही आपल्या पुरोगामी परंपरेची एक भक्कम शाखा आहे. दिवाकरराव तिचे निष्ठावान वारस होते. परंतु या वेळी उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आले.

"तुमची पीएच.डी. संपत नव्हती तेव्हा भाऊजींचं लग्न अडलंच होतं की हो. तेव्हा नाही कोणी पाऊल टाकलं ते."

"मालिनी, तो संदर्भ वेगळा होता."

"हो, तो आपला होता."

ओतिएनोला हसू आले. घास गिळून तो पाणी प्यायला आणि स्वरदाकडे वळला. काहीतरी चांगले आणून लपवून ठेवलेल्या माणसाचा चेहरा झाला होता त्याचा.

"ऐक. नाशकात ॲलर्जीची एक डॉक्टरीण हाय. मी तिला भेटून आलो. ती म्हणली, काय घाबरायचं नाय. आधी हातावर थेंब टाकून बघतात. मग लस एकदम देत नाय, थोडी थोडी देतात, आपल्याला समोर बसवून. त्रास झाला तर औषध तयार असतं. सोमवारी बोलावलंय. मेमध्ये हंगाम उरकला की जाऊ."

"तू मला न विचारता जाऊन आलास?" स्वरदा म्हणाली.

"तू घाबरती म्हणून. जिवाची भीती सगळ्यांना वाटते, त्यात काय एवढं? मी असेन ना शेजारी."

दिवाकररावांनी वर्तमानपत्राची घडी आणखी एकदा घातली. या माणसाने सहा वर्षे स्वतःच्या स्वयंपाकघरात अंडे आणले नव्हते. पॅकहाउसमध्ये डब्यातले अंडे कोणी देऊ केले तर खाल्ल्यावर साबणाने हात धुऊन मगच घरी येत असे. ही दक्षता या टेबलाभोवतीच्या तिघांनीही पाहिली होती. मयुरेशसारख्यांपुढे तिचे कौतुकही झाले होते.

"आईला पण सांगितलं," ओतिएनो पुढे म्हणाला. "ती म्हणली, आवारात तर काय अडचणच नाय. कोंबड्या केव्हापासूनच नाय तिथं."

"कोंबड्या?" मालिनीबाईंनी विचारले.

"होत्या ना. लय होत्या. मावशीकडं देऊन टाकल्या."

"कधी?"

"आमचं लग्न झालं त्याच वर्षी. मी सांगितलं ना तिला, सुनेला अंड्याचा त्रास होतो. ती म्हणली, सून कधी पण येईल, आयत्या वेळी कोण पळापळ करणार. आमच्याकडं पाहुणा आला की कोंबडी कापतात. नाय कापली तर पाहुण्याचा अपमान. आईकडं आता सगळ्यांना मासा. बायका हसतात, म्हातारी कंजूस झाली म्हणतात." तो स्वतःही थोडा हसला. "ती सांगत नाय कुणाला कशासाठी ते. सुनेचं दुखणं गावभर कशाला, म्हणते."

मालिनीबाईंच्या हातात आमटीचा डाव होता. त्यांनी तो पातेल्यात ठेवला, गॅस बंद केला, पदराला हात पुसले. मग त्या टेबलाशी आल्या आणि जावयाच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. जावई जेवत असताना त्या कधी बसत नसत.

"हिला तपासणीला नेऊ नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"हिला काही होत नाही."

"मालिनी," दिवाकरराव म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. खूप बोललाय." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलेही नाही. "ही पुण्याला असताना खात होती. सुट्टीत आली की हिच्या डब्याला वास यायचा; मी चिंचेनं घासायचे आणि गप्प बसायचे. तुमच्या आईचं आमंत्रण आलं तेव्हा ही म्हणाली, आई, विचारलं कुणी तर असं असं सांग. मी सांगितलं. ह्यांनी लशीचं सांगितलं. मला वाटलं, नवीन आहे, बिचकली असेल, वर्षभरात जाईल. मग त्याची सवयच झाली. दुधवाल्याला सांगितल्यासारखं सांगत सुटले मी."

ओतिएनो त्यांच्याकडे पाहत राहिला. एखादे वाक्य नीट कळले नाही की तो असाच पाही.

"त्या बाईनं कोंबड्या देऊन टाकल्या हो," मालिनीबाई म्हणाल्या. "मेमध्ये मी येते. लस मलाही टोचा. थोरल्या सुनेशिवाय घर उभं राहत नाही, एवढं मला कळतं. त्याला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. माझ्या खाण्याची काळजी नको, दडपे पोहे करून घेईन तिथे. ही पहिली रात्र काढेल, मी शेजारी निजेन. चालतं ना तुमच्यात आईनं आलेलं?"

"चालतं," ओतिएनो हळूच म्हणाला.

या घरात रूढीचे ओझे कोण वाहते आणि ते कोणी झुगारले, याचा निकाल शहराने दोन सत्कारांत देऊन टाकला होता. त्यावर अपील करण्याची सोय नव्हती. सोवळ्यातली बाई विमानात बसायला निघाली होती. सत्कारमूर्ती खुर्चीतून उठत नव्हती.

ओतिएनोने पुढ्यातल्या वाट्या एकेक करून बाजूला सारल्या. ताट अर्धे तसेच होते.

"स्वरा, माझ्या आईची भीती वाटती का?"

"नाही."

"आजारपणाची?"

"नाही रे."

"तिथं कुणी काय बोलेल, वागवेल, असं?"

"नाही. सगळे चांगलेच आहेत. दर रविवारी बघते ना मी फोनवर."

"मग?"

स्वरदाने वडिलांकडे पाहिले. अडचणीच्या वेळी सिद्धान्ताकडे पाहण्याची ती जुनी सवय होती. दिवाकररावांनी घसा साफ केला.

"हा प्रश्न इतका सरळ नाही. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा एक पैलू—"

"सर, तुम्ही थांबा," ओतिएनो म्हणाला.

एरवी तो त्यांना बाबा म्हणत असे. दिवाकरराव थांबले. स्वरदाच्या बोटाभोवती दोरी इतकी आवळली गेली होती की नखाखालचा भाग पांढरा पडला होता. तिने ती सोडवली आणि नवऱ्याकडे न पाहता, अतिशय स्पष्ट उच्चारांत, व्यासपीठावर बोलावे तशी बोलली. ते शब्द जसेच्या तसे देणे भाग आहे. त्यांत काही गाळले किंवा सौम्य केले, तर तो कुटुंबाच्या त्या अधिकृत निवेदनाचाच पुढचा परिच्छेद होईल.

"इथे तू एकटा आहेस. तुझ्याबरोबर रस्त्यानं चाललं की लोक वळून बघतात आणि मला धीट समजतात, आणि मला ते आवडतं. तिथे सगळेच तुझ्यासारखे असणार. तिथे मी धीट नाही, काही नाही, तुमच्यातली एक सून होणार. ते मला नको होतं."