पहिला घास जयगडचा

रहिमानं चमचा परत वाटीत ठेवला. चौथा दिवस. सुपावर साय धरली होती आणि म्हातारी ओठ घट्ट मिटून रहिमाकडे टक लावून बघत होती, जणू रहिमानंच तिला उपाशी ठेवलं होतं.

कुवेतच्या सबाह अल-सालेम भागातल्या या घरात म्हातारीला सगळे 'मामा' म्हणत. बाईमाणसाला मामा म्हणायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी रहिमाला हसू आवरेना. आता हसणं कसलं! पक्षाघातानं मामाची वाचा गेली होती, भूक नव्हे. आधीच्या फिलिपिनो बाईच्या हातून ती दोन्ही वेळा नीट जेवायची. रहिमा आली आणि तोंड बंद झालं. आपणच पांढऱ्या पायाच्या, असं तिच्या मनानं घेतलं.

मामाचा मुलगा फैसल दारात आला. माणूस मवाळ, पण आज नजर चुकवत होता.

"रहिमा, कल डॉक्टर आएगा. नाक में पाइप डालेगा."

तो घुटमळला.

"और तुम मक्तब वापस. दूसरा औरत आएगा. माफ करना."

मक्तब म्हणजे नोकर पुरवणारं ऑफिस. तिथून विमानानं थेट घर, आणि घरी बारावीतली लेक फरहत. तिला नर्सिंगला घालायचा शब्द देऊन रहिमा निघाली होती.

"बाबा, एक टाइम और. हमारे जयगड का पेज बनाती है."

तांदूळ मऊ शिजवून तिनं मीठ घातलं, वर थोडं नारळाचं दूध. वाटीतून वाफा येत होत्या. जीभ पोळली तरी मामाला बोलता येणार नाही, म्हणून तिनं पहिला चमचा स्वतःच्याच तोंडात घातला. आणि दचकली. मालकिणीच्या आधी, मालकिणीच्या चमच्यानं!

"सॉरी मामा, सॉरी..."

मामानं तोंड उघडलं.

वाटी संपली, दुसरीही संपली. दारातल्या फैसलनं कपाळावर हात मारून घेतला.

"गलती मेरा है," तो म्हणाला. "मैंने ही उसको बोला था, नया औरत जयगड से आया."

मग मोडक्या हिंदीत त्यानं सगळं सांगितलं. मामाचे वडील नाखुदा होते, गलबताचे कप्तान. दोन महायुद्धांच्या मधल्या त्या वर्षांत बसऱ्याचा खजूर भरून ते कोकणात जात आणि येताना साग नि काथ्याचे दोर आणत. एका फेरीत जयगडच्या खाडीत ते तापानं पडले आणि गलबत त्यांच्याविना परतलं. तिथल्या एका बाईनं त्यांना महिनाभर पेज पाजून उठवलं. तिच्या घरी धान्याची चणचण होती, पण ती आधी पाहुण्याला वाढायची, मग पोरांना. नाखुदांनी घरी येऊन नियम घातला: तिथलं माणूस या घरात असेल, तर त्याच्याआधी कुणी घास उचलायचा नाही.

"मैं बच्चा था, तब उधर से आया था कोई. मैं भूल गया. मामा नहीं भूला."

त्या बाईचं नाव काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. अल्ला तिला जन्नत नसीब करो, रहिमा मनात म्हणाली. कोण कुठली, पण आज लेकीसाठी धावून आली.

सकाळी फैसलनं डॉक्टरला नको म्हणून कळवलं. मक्तबचं नाव काढलं नाही. खुबूसची रोटी, चीज आणि दोन अंडी त्यानं स्वतःच्या हातानं रहिमापुढं ठेवली.

"पहले तुम."

रहिमा मामाच्या समोर बसली. बापाच्या घरी आधी भाऊ जेवायचे, सासरी आधी पुरुष, मग पोरं, मग आलागेला. टोपाच्या बुडाला राहील ते तिचं. तिनं तुकडा मोडून तोंडात घातला आणि डोळे पुसत सावकाश चावत राहिली.

मामाला घाई नव्हती. आपल्या ताटाला न शिवता, मांडीवर हात ठेवून ती रहिमाचं खाणं होण्याची वाट बघत होती.