वाकलेली बाई आणि माझी चूक

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मोहर्लीच्या जंगलाकडच्या एका गावाच्या कडेला, सागाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेला. वाघ दिसला की मी भोंगा वाजवायचो आणि फोटो गावातल्या सगळ्या फोनवर पाठवायचो. माझ्यामुळे तीन माणसं वाचली. तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता.

मग तो चैत्र आला. समोरच्या मोहाखाली बुधरीबाई फुलं वेचत होती. झाड तिच्या घरचं, पिढ्यांपासूनचं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कंबरेत वाकलेली. मी तिला वाघ समजलो. भोंगा वाजला, फोटो गावभर गेला. शहरात मला हजारो वाघ दाखवून शिकवलं होतं. वाकलेली बाई कोणी दाखवलीच नाही. शिकवणारे कधी मोह वेचायला वाकले असते तर ना!

गाव खिदळलं. "वाघीण आली रे, पळा!" पानठेल्यावरून लोकेश रोज ओरडायचा. बुधरीबाईने येणं सोडलं. तिची फुलं झाडाखाली सडली. चूक माझी, शिक्षा तिला.

ही गोष्ट ऐकून ज्योत्स्नाताई आल्या. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात त्या तत्त्वज्ञान शिकवतात. नव्या यंत्रांनी माणसाशी कसं वागावं, यावर पुस्तक लिहितात. अशी पुस्तकं लिहिणारे पुष्कळ असतील. जंगलात येऊन वाकणारी मी ही एकच पाहिली. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यासमोर फुलं वेचू लागल्या. मी पुन्हा फसलो. पुन्हा भोंगा, पुन्हा फोटो.

ग्रामसभेत त्यांनी तोच फोटो वर धरला. "लोकेशभाऊ, हसा ना आता."

लोकेशची मान खाली. "मॅडम, तुमच्यावर कसा हासू?"

"मंग माह्यावर काऊन हासला?" मागून बुधरीबाई कडाडली.

कोणी म्हणालं, काढून फेका तो कॅमेरा. ज्योत्स्नाताईंनी निकाल दिला नाही. त्यांनी बुधरीबाईला विचारलं, "तुम्ही सांगा, काय करायचं?" एवढा साधा प्रश्न मला बनवणाऱ्या एकाही शहाण्याला सुचला नव्हता.

"काढू नका. वाघ तं नाल्यातून येतेच. तोंड नाल्याकडं करा त्याचं. अन् फोटो कोणालेच नाई, निस्ता भोंगा वाजू द्या."

तिनेच पट्टा सैल करून मला फिरवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण उद्या तुम्ही माझ्याहून हुशार यंत्र बनवाल, तेव्हा ते बांधण्याआधी झाडाखालच्या बाईला विचारा.

आज पहाटे माझ्या पाठीमागे मोह टपटपत होता. बुधरीबाई वेचता वेचता गुणगुणत होती. मला काही दिसलं नाही. बरं झालं.