शेवटची ओळ गाळू नका

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. माझं कातडं उभं फाटलंय, तेव्हा आवाजाची फार आशा धरू नका. नांदुऱ्यात शाहीर रज्जाकच्या घरी मी खुंटीला असतो. त्यानंच मला घडवलं. गाण्याआधी तो मला विस्तवावर शेकायचा, तेव्हा कुठे मी खणखणीत बोलायचो. माझे हे लाड त्याच्या बायकोच्या, अजीजुन्निसाच्या, डोळ्यांत खुपायचे.

पोवाड्याच्या शेवटच्या ओळीत शाहीर आपलं नाव गुंफतो. रज्जाकची ओळ ठरलेली होती: ‘नाव रज्जाक, गाव नांदुरा, खोटं असंल तर या घरा.’

इंद्रभान हा पंजाबरावचा ट्रॅक्टरवाला, पूर्णा नदीतली चोरटी वाळू त्याच्यासाठी वाहायचा. पोलिसांनी धरला, झोडपला, पण त्यानं मालकाचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. जामिनावर सुटला आणि काही दिवसांत त्याच ट्रॅक्टरखाली गेला. तो कोणाच्या हुकमानं चिरडला गेला, हे नदीकाठच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

वर पंजाबराव कोडगेपणानं आमच्या दारी आला. “रज्जाकभाई, आमच्या इंद्रभानवर पोवाडा होऊ द्या. लय इमानदार होता.”

रज्जाकनं पोवाडा रचला, पण सगळाच. इमान कोणाशी राखलं आणि घात कोणी केला, दोन्ही.

“आयशाचे अब्बा,” अजीजुन्निसा विनवत होती, “गा, पण शेवटी आपलं नाव काऊन घालता? बिननावाच्या गाण्याचा धनी कोणाले सापडत नाही.”

“इंद्रभाननं मालकाचं नाव लपोलं, थेच त्याच्या जिवावर उठलं. आता मीबी माहं लपवू काय?”

मोताळ्याच्या बाजारात तो गायला. शेवटची ओळही त्यानं नावगावासकट म्हटली. भीती त्यालाही होती, मित्रांनो. परतीच्या वाटेवर जीप आडवी आली. आधी त्यांनी मला चाकूनं फाडलं, मग त्याला.

पोवाडा अजून गातात, पण शेवटची ओळ गाळून. परवा अजीजुन्निसा मला काखेत मारून बाजारात गेली. गाणारा तिथवर आला आणि थांबला.

“पुरं कर बे,” ती म्हणाली.

तो आपला डफ पिशवीत घालू लागला. मग तिनंच माझ्यावर थाप मारली आणि ओळ म्हटली, भर बाजारात. त्या घरात आता ती आणि लेक आयशा दोघीच राहतात.

मित्रांनो, मला नवं कातडं चढवू नका, शेकूही नका. फक्त ती ओळ तिला एकटीला म्हणायला लावू नका.