पहिली काहील

केरबाच्या हातचा गूळ कधी काळा पडत नाही, असं गारगोटीच्या बाजारात व्यापारीसुद्धा म्हणायचे. त्या सकाळी तो काळा पडला.

केरबा माझा धाकटा दीर आणि आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या. ऊस गाळणं, रस काहिलीत ओतणं, खाली चिपाडांचा जाळ लावणं, हे कुणालाही जमतं. पण उकळून घट्ट होत आलेली काहील चुलवाणावरून कधी ओढायची, हे एकटा गुळव्या सांगतो. जरा आधी ओढली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. त्या घडीला गुळव्या जागचा हलत नाही. अंगावर ठिणगी उडाली तरी हलत नाही.

त्या सकाळी हंगामाची पहिलीच काहील होती. फेस खाली बसला, रसाला सोन्यासारखा रंग चढला, दांडा धरून गडी उभे राहिले आणि केरबा "आलोच" म्हणून चिपाडांच्या ढिगामागं, शेवरीच्या कुंपणाकडं निघून गेला.

चुलवाणाशी आमचे मालक बसले होते. बाळासो, केरबाचे थोरले भाऊ. जाळ घालायचं काम त्यांचं.

"आरं केरबा, ओढू का?" ते ओरडले.

रसाचा रंग सोन्यावरून तांबड्यावर गेला.

"आरं बोल की. जळाय लागलंय हितं."

केरबा धोतर सावरत आला तोवर करपल्याचा वास पार ओढ्यापर्यंत गेला होता. कुणी कुणाकडं बघेना.

"एवढं काय हागवण लागली व्हती का तुला?" मालक म्हणाले.

"पाणी लई प्यालो सकाळी."

"पाणी तू प्यालास आन् गूळ माझा गेला व्हय रं."

सगळे हसले. केरबाही हसला. पण त्यानं तो गूळ हातात घेऊन बराच वेळ चोळला, आणि मग हात धुतले.

त्या हंगामात तो सारखा तिकडं जायला लागला. काहिलीपासून कुंपणापर्यंत त्याच्या पायांनी एक वाट पडली. गवत बसलं, मग माती उघडी पडली. मी कपडे वाळत घालताना ती वाट बघायची.

त्याची बायको चिमणाबाई माझी जाऊ. शेणी थापता थापता तिनं मला खालच्या आवाजात सांगितलं, "आक्का, ह्यास्नी सारखं लागतंय. आन् गेलं की हुबंच ऱ्हात्यात. हुईतच न्हाय पटकन. कुणाला सांगू नगासा."

मी केरबाला म्हणाले, "भावजी, गारगोटीला डाक्टराला दावून या."

"येवढ्यात न्हाय वैनी," तो म्हणाला. "आदी कार्ड येऊ दे."

कार्ड म्हणजे विम्याचं. आमच्या दूधसंस्थेनं त्या साली सभासदांचा आजारपणाचा विमा उतरवायचं ठरवलं होतं. संस्थेचा सेक्रेटरी सोमशेखर दूध मोजून घेता घेता सगळ्यांना समजावून सांगत होता.

"पाडव्यापासनं विमा लागू. दवाखान्यात भरती झालासा की बिल कंपनी देणार. पर आदीपासनं आजार असला तर कंपनी हात वर करती. आताच सांगतो, मागनं माझ्या नावानं शिमगा करू नका."

"आदीपासनं हाय ते त्यास्नी कळतंय कसं?" केरबानं विचारलं.

"डाक्टराचा कागद असला की कळतंय की, आण्णा."

"मग कागदच न्हाय करायचा."

रांगेतली माणसं हसली. केरबा घरी आला तो बाजार मारल्यासारखा. म्हणाला, "वैनी, पाडव्यापातूर मी ठणठणीत हाय. कुणी इचारलं तर तसंच सांगायचं." आणि बोलता बोलता उठून कुंपणाकडं गेला.

घरात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट केरबाला व्यवहार कळतो, असंच वाटलं.

पाडवा झाला, कार्ड आलं. केरबा गारगोटीला जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते, ती या वयात वाढते. बहुतेकांची साधी असते, एखाद्याची वाईट निघते. कोल्हापूरला जाऊन रक्त तपासा, म्हणजे कळेल. केरबा तिथून थेट संस्थेत गेला. मी दुधाची किटली घेऊन तिथंच होते.

सोमशेखरनं कार्ड उलटंपालटं केलं. "ह्यात तपासणी बसत न्हाय, आण्णा. भरती व्हावं लागतंय."

"आन् भरती कवा करत्यात?"

"आजार निघाला की."

"आन् आजार हाय का न्हाय, ते बघायचं?"

"ते तुमचं तुमी बघायचं."

केरबानं कार्ड परत हातात घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे पडल्यावर उचलणार. पडाय लागलोय का ते बघणार न्हाईत."

"मी काय करू? नियम काय मी केलाय व्हय?" सोमशेखर म्हणाला. त्याचंही खरं होतं.

केरबानं कार्ड टोपीत घातलं. "बघू म्होरल्या हंगामापातूर," म्हणाला. चिमणाबाईनं गळ घातली, मी घातली. तो म्हणायचा, ज्याचा विमा उतरवलाय त्याला पदरचं घालून कोण करतं? तसं करणारा खुळा.

पुढच्या हंगामात तो काहिलीजवळ उभा राहू शकेना. पाठीत कळ यायची. पालथ्या घमेल्यावर बसून रसाचा रंग बघायचा आणि तिथूनच "ओढा" म्हणायचा. मग एक दिवस त्याला घमेल्यावरून उठताच येईना. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं, तर दुखणं हाडात उतरलं होतं.

जीपमधून त्याला घरी आणलं तेव्हा चिमणाबाई माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आक्का, कार्ड लगीच चाललं बघा. कुणी हूं का चूं केलं न्हाय." एवढंच बोलली. ऊस उभा असतानाच केरबा गेला.

त्यानंतर मालक गुळव्या झाले. कुंपणाकडची ती वाट आम्ही नांगरून टाकली. वर चिपाडं पसरली. पण पाऊस झाला की आजूबाजूला गवत यायचं आणि तेवढाच पट्टा उघडा राहायचा. बैलसुद्धा तिथून जाताना पाऊल चुकवतात, असं मला वाटायचं. चिमणाबाई तिकडं पाठ करून बसायची.

अशी वर्षं गेली. घराघरात फोन आले, शेजारच्या पोरांना शिरोली एमआयडीसीत कामं लागली. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. काहील धरत आली होती. मालक उठले, "आलोच" म्हणाले आणि त्याच पट्ट्यावरून कुंपणाकडं चालत गेले.

आवाज केरबाचा होता. भावाभावांचे आवाज सारखेच असतात, हे मला कळतं. तरी माझ्या हातातलं धोतर मातीत पडलं.

"आवं, तपासून घ्या," मी त्या दिवसापासून मागं लागले.

"सोमशेखरला इचारलंय. अजून बसत न्हाय कार्डात."

"न्हाय बसत तर ऱ्हाऊ दे. आपलं आपण करू."

"थंडी हाय म्हणून लागतंय. तू तोंड घालू नगंस."

मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही.

आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. चिमणाबाई या घरात आल्यापासून मालकांशी एक शब्द बोलली नव्हती. चहा निवायला लागला तरी माझ्याकडं बघून म्हणायची, "आक्का, भावजींस्नी म्हणावं, च्या निवतोय." केरबा गेला त्या दिवशीसुद्धा ती त्यांच्यासमोर मोठ्यानं रडली नव्हती.

मग एका सकाळी मालक काहिलीपासून उठले, तर ती त्या वाटेवर उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"भावजी," ती म्हणाली.

गडी थांबले. मालकही थांबले.

"तुमास्नी सारखं लागतंय. आन् गेल्यावर हुईत न्हाय. ह्यांचं आसंच व्हतं. ह्याच वाटंनं जायाचं. मी लाजले आन् माणूस गेला. आता मला लाज न्हाय. उंद्याच्या गाडीनं कोल्हापूरला चला, न्हायतर मी हितनं हलत न्हाय."

मालकांची मान खाली गेली. मग म्हणाले, "बरं, बाई. बाजूला हो आता." ती बाजूला झाली आणि त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.

त्यांचीही गाठ वाईटच निघाली. पण जागच्या जागी होती. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. भरती झाल्यावर कार्ड चाललं. ते अजून आहेत, आणि दूध पातळ आहे म्हणून रोज सकाळी माझ्याशी भांडतात.

पण हंगामाची पहिली काहील धरत आली, की मला आणि चिमणाबाईला अजून तोच आवाज येतो. आलोच. आम्ही दोघी कुंपणाकडं बघतो. तिथं कुणी नसतं.

"ओढू का?" मालक विचारतात. आता काहील ओढायची घडी त्यांनाही कळते, तरी पहिल्या काहिलीला ते आम्हालाच विचारतात.

"जरा थांबा," चिमणाबाई म्हणते. त्यांच्याशी ती आता बोलते. "येऊ द्यात त्यास्नी."

मालक थांबतात. गडी दांडा धरून उभे राहतात. करपल्याचा वास सुटतो, ओढ्यापर्यंत जातो, आणि मग ते "ओढा" म्हणतात. तो काळा गूळ आम्ही बाजाराला पाठवत नाही. घरातच खातो.