बॅटरीवर बांधलेला गंडा

कृष्णेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लढाई संपून वर्ष झालं होतं. ब्रह्मदेशात लष्करी बोटी हाकून आलेल्या नानासोनं मोडीतली एक मोटारबोट विकत आणली होती. तोवर आमचं गाव गूळ कढवायच्या काहिलीत बसून नदी ओलांडायचं. त्या दिवशी ती बोट मुकी झाली होती. "मी येईस्तोवर हात लावू नगंस," असं धाकट्या भावाला, आकारामला बजावून नानासो सांगलीला नवा फ्यूज आणायला गेलेला. पण लोकांनी टोचून टोचून त्याला हँडल मारायला लावलं होतं. इंजिन ढिम्म.

"सरा रं!" म्हणत गंडेदोरे करणारा गंगागीर बुवा बोटीत उतरला. "यंत्राला दृष्ट लागलीया. आई कृष्णाबाई, धाव!"

त्यानं बॅटरीला कुंकू लावलं आणि तिच्या तोंडाशी लाल दोऱ्याचा गंडा आवळला. आकारामनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं! बायांनी हात जोडले. आमच्याकडं म्हशीला, पाळण्याला, मोटेच्या चाकालाही गंडा बांधतात. बॅटरीला बांधला, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"नानासोला येऊ दे की रं," मी म्हणालो.

"आवं तात्या, देव धावला, आता दादाची वाट कशाला?" आकाराम हसला. त्याची बायको सुलाबाई शेजारी बसली. तान्हं पोर सासूपाशी होतं. बुवा काठावर उतरला आणि पहिल्या खेपेला दोघंच निघाली.

मध्यधारेत फळ्यांखालून धूर आला, मग जाळ. आकारामनं सुलाला पाण्यात ढकललं. पोहणाऱ्यांनी तिला ओढून काढलं. त्याला उडी मारायला सवड मिळाली नाही.

राख सावडली त्या दिवशी बुवा पुन्हा हजर. "विटाळशी बाई बोटीत बसली. आई कोपली!"

सासू राहीबाईनं सुलाच्या मांडीवरचं पोर हिसकावलं. "माज्या लेकाला खाल्लंस. जा माहेरी!"

"आत्याबाई, त्येला दूध तरी पाजू द्या."

नानासो उठला. जळक्या बोटीतून काढलेला गंडा त्यानं पुढं धरला. दोरा जळून गेला होता. आत जाड तांब्याची तार होती.

"तांबं पवित्र असतंय," बुवा म्हणाला.

"मग बघू तुजं पावित्र्य."

नानासोनं सर्व्हिस मोटारीची, म्हणजे प्रवासी गाडीची, बॅटरी मागून आणली. तिच्या तोंडाशी फ्यूज बसवून वायरची टोकं मुद्दाम एकमेकांना भिडवली. फ्यूजमधली बारीक तार पटकन वितळली. बाकी काही झालं नाही. मग फ्यूजच्या जागी गंडा बांधला. वायरीवरचं रबर धुमसलं आणि खाली पसरलेलं उसाचं पाचट पेटलं.

"फळीखालची वायर घासून उघडी पडली हुती. बोट हलली की लोखंडाला लागायची. म्हणून फ्यूज जळायचा. बॅटरीच्या तोंडाशी त्यो बसवत्यात ते याचसाठी. पुढं कुठंबी बिघाड हुंदे, वीज तिथंच तुटती. बोट थांबती, माणूस वाचतो. तुज्या जाड तारंनं वीज तुटू दिली न्हाई. आन् बुवा, तुला हे ठावं हुतं. मुंबईत गॅरेजात हुतास तू!"

बुवा पायताण शोधू लागला.

राहीबाईनं पोर सुलाच्या ओटीत ठेवलं. सुला फ्यूजमधल्या त्या वितळलेल्या तारेकडं बघत होती.

"भावजी, इंजिन बंदच ऱ्हायलं असतं, तर आमी काहिलीतनं गेलो असतो."

नानासोनं बॅटरीवरचा गंडा सोडला.

बाबांनो, बंद पडलेलं यंत्र काहीतरी सांगत असतं. त्याला गंडा बांधण्याआधी ते का बंद पडलं, एवढं विचारा. त्या दिवशी आमच्या घाटावर तेवढंच विचारायचं राहून गेलं.